रक्तवाली बाई

बोटाला सुई टोचून झाली, रक्ताचा थेंब काचेवर पसरून वाळला, जांभळ्या रंगात भिजून धुऊनही झाला, की मॅडम आपल्या स्टुलावरून उठायच्या. रुमालाने स्टूल झटकायच्या आणि रुग्णाला म्हणायच्या, "बसा. आधी तुमचं तुम्ही पाहा."

तापाने फणफणलेला माणूस बुचकळ्यात पडायचा. एकदा एका म्हाताऱ्याने हातच जोडले. "मॅडम, तुमीच पाहून सांगा ना. मले त्यातलं काय समजते?"

"काऊन? रगत तुमचं हाये, माझं नाई."

म्हातारा बसला, एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत पाहायला लागला. मॅडम मागे उभ्या राहून त्याला वाट दाखवत होत्या. "लाल लाल दिसतात ना, त्या सोडा. त्या ओझं वाहनाऱ्या. तेथी एखादा मोठा जांभळा टिपका दिसते का? त्याच्या आत तीन-चार मनी जोडल्यावानी?"

"हो हो, हाये."

"ते तुमच्या तापाच्या मागं लागले हायेत. आता जा, डॉक्टरले भेटा."

म्हातारा बाहेर आला तो तोंड उघडं टाकूनच. औषधाच्या खिडकीशी येऊन मला म्हणाला, "भाऊ, माह्या अंगात मनीवाले लोकं हायेत!"

ती खिडकी माझी. देवरी तालुक्यात, चिचगडकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी फार्मासिस्ट म्हणून आलो आणि पुढची अकरा वर्षं मॅडमची प्रयोगशाळा माझ्या खिडकीच्या बरोबर समोर होती. मी गोंदिया शहरातला, निम्मा वेळ हिंदीतच बोलणारा. त्या सौंदडजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गावतलाव बांधणाऱ्यांचं. बारावीनंतर प्रयोगशाळेचा डिप्लोमा करून त्या नोकरीला लागल्या आणि केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही. गावातले लोक त्यांना रक्तवाली बाई म्हणायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरीने त्यांना एक काम दिलेलं असतं आणि त्या कामातला एक प्रश्न त्यांना असा काही चिकटतो की काम संपलं तरी तो सुटत नाही. मॅडमना नेमून दिलेलं काम मलेरियाचे जंतू शोधण्याचं, हिमोग्लोबिन मोजण्याचं, थुंकीचे नमुने तपासण्याचं. त्यांचं लक्ष मात्र पांढऱ्या पेशींवर.

आमच्याकडे डॉक्टर टिकायचे नाहीत. सरकारी बाँड पूर्ण करायला नवा पोरगेला डॉक्टर यायचा, वर्षभराने जायचा. येणाऱ्या प्रत्येकाला मॅडम पहिल्या आठवड्यात काहीतरी विचारायच्या. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक चित्र होतं: पांढऱ्या पेशींच्या हातात बंदुका, डोक्यावर टोप्या, समोर दात विचकणारे हिरवे जंतू. ते चित्र त्यांना मुळीच आवडत नसे. एका डॉक्टरला त्यांनी चित्रासमोरच उभं केलं.

"सर, याह्यले शिपाई म्हनता. मंग हुकूम देनारा कोन? तो मले अजून एकाही काचेवर दिसला नाई."

डॉक्टर हसले. "तसा कोणी नसतो, मॅडम. जिथे इजा होते तिथल्या पेशी रसायनं सोडतात, ती जाणवली की बाकीच्या तिकडे जातात."

"म्हनजे तलावाची पाळ फुटल्यावर कोनी हुकमाची वाट पाहत नाई, ज्याले दिसलं तो धावते, तसंच ना?"

"साधारण तसंच."

"मंग शिपाई कायले म्हनता?" असं म्हणून त्यांनी ते चित्र काढलं आणि उलटं करून कपाटावर ठेवलं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक शेतकरी लंगडत आला. जांघेत अवधाण आलेलं, लिंबाएवढी गाठ. कॅन्सरच झाला असं धरून तो रडवेला झाला होता. मॅडमनी त्याचा पाय वर घ्यायला लावला. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता, धानाच्या बांधीतल्या चिखलात त्याचा त्यालाही पत्ता नव्हता. काटा निघाला, औषध दिलं, माणूस हसत गेला. मॅडम मात्र दिवसभर माझ्या खिडकीशी येऊन तेच बोलत होत्या. "भाऊ, पाहा ना. काटा टाचेत. गोळा जांघेत. जांघेले कोनं सांगतलं?" त्यांना उत्तर ठाऊक होतं. एका डॉक्टरने मागे ठेवलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्या शब्दकोश शेजारी घेऊन वाचायच्या. टाचेतला जंतूचा तुकडा घेऊन पेशी जांघेतल्या गाठीपर्यंत जातात, तिथे तो ओळखणाऱ्या पेशी शोधल्या जातात आणि त्यांची संख्या वाढते म्हणून गाठ फुगते, हे त्यांनीच मला सांगितलं. पण उत्तर माहीत असल्याने त्यांचं आश्चर्य कमी होत नसे. मला याचं फार नवल वाटायचं. मी औषधं देत होतो, पण ती पोटात गेल्यावर पुढे काय होतं याचा विचार करणं कॉलेज सुटल्यावर बंद केलं होतं.

आता रोशनीबद्दल सांगतो.

रोशनी नऊ वर्षांची, जंगलाच्या कडेला असलेल्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची. वडील नव्हते. आई मोहफुलं, तेंदूपत्ता गोळा करून आणि इतरांच्या बांधीत राबून दोघींचं भागवायची. पोरीला सारखा ताप. तापाबरोबर तोंड येऊन भरायचं, जीभ, ओठ, हिरड्या सगळीकडे फोड. पाणी प्यायलं तरी रडायची. चार-पाच दिवसांनी आपोआप बरी व्हायची. आई तिला घेऊन यायची, डॉक्टर औषध लिहायचे, मी बाटली द्यायचो. जंगलपट्ट्यातली अशक्त पोरं अशीच आजारी पडत असतात, असा मी मनाशी निकाल लावून टाकला होता. टोल्यावरच्या लोकांनी वेगळा लावला होता. ते म्हणायचे, पोरीला अमावस्या बाधते.

एकदा मॅडम काच घेऊन माझ्याकडेच आल्या. सहसा त्या काच खोलीबाहेर आणत नसत.

"भाऊ, मी शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. पुन्हा शंभर मोजल्या. मनीवाल्या दोनच."

"मतलब?"

"निम्म्याहून जास्त पाह्यजेत. जंतू शिरला का सगळ्यात आधी त्याच धावतात. ह्या पोरीच्या रक्तात त्या नाईच."

त्यांना वाटलं आपलीच काच बिघडली. दुसरी केली. तेच. डॉक्टर म्हणाले, विषाणूच्या तापात पेशी कमी होतात, आठवड्याने पुन्हा पाहू. आठवड्याने पाहिलं तर पोरगी ठणठणीत आणि पेशी भरपूर. विषय संपला. आमच्यापुरता.

दोन दिवसांनी मॅडम पुन्हा खिडकीत. "तुमचं औषधवाटपाचं रजिस्टर द्या. वर्षभराचं."

त्या ते घेऊन बसल्या. रोशनीला औषध दिल्याची प्रत्येक तारीख शोधली आणि खताच्या दुकानाने दिलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केले. मग मला हाक मारली.

"मोजा."

मी मोजलं. एकवीस दिवस. पुढचे बावीस. पुढचे एकवीस. मधे एकदा खंड होता, तेव्हा मायलेकी मामाच्या गावाला गेल्या होत्या. पुन्हा एकवीस.

"अमावस्या महिन्याने येते," मॅडम म्हणाल्या. "हे एकवीस दिवसाचं हाये. अमावस्या नोहे. हे आतलं काहीतरी हाये."

मी त्या रजिस्टरकडे पाहत राहिलो. अक्षर माझं होतं. प्रत्येक तारीख मीच लिहिली होती.

खात्री करायची तर दर दोन-तीन दिवसांनी, पोरगी बरी असतानाही, रक्त पाहायला हवं होतं. निदान सहा आठवडे. मॅडमनी रोशनीच्या आईला तसं सांगितलं. आई चिडली. "बरी हाये तवा रगत कायले काढता? आजारी हाये तवा तं बरी करत नाई तुमी." आणि दर दोन-तीन दिवसांनी सोळा किलोमीटर यायचं तर तिने मजुरी कधी करायची?

"बरोबर म्हनते ते," मॅडम म्हणाल्या. "मीच जाते."

तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी दुपारी केंद्रातली गर्दी ओसरली की त्या आपल्या स्कूटीवर काचांची डबी घेऊन टोल्यावर जायच्या. एकदोनदा मीही गेलो. काच वाळायला ठेवली की माश्या येतात आणि वाळलेलं रक्त चाटून साफ करतात, हे मला तिथे कळलं. पहिल्या दिवशीच्या दोन्ही काचा अशाच गेल्या होत्या. म्हणून मॅडम काच हातात धरून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसायच्या. रोशनी शेजारी बसून विचारायची, "मावशी, आज किती हायेत?"

"पाहून सांगते ना व. घाई कायची?"

पहिल्या आठवड्यात पेशी चांगल्या होत्या. मग खाली यायला लागल्या. एका सोमवारी मॅडमनी डॉक्टरांना सांगितलं, "सर, आज पोरगी खेळून राह्यली. पन येत्या शुक्रवारी पडन ते. औषध आत्ताच तयार ठेवा."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. त्यांची चूक नव्हती. चांगल्या खेळत्या पोरीच्या आजाराची तारीख सांगणारी टेक्निशियन त्यांनी कधी पाहिली नसणार.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आई रोशनीला पाठीशी बांधून आली. या वेळी ताप नेहमीसारखा नव्हता. उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता, पोरगी हाकेला ओ देत नव्हती. मॅडमनी काच केली. शंभरात मणीवाली एकही नव्हती. डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं, सलाइन लावलं आणि रुग्णवाहिका गोंदियाला निघाली. आईबरोबर मॅडमही चढल्या. गाडी वळणाआड गेली तरी मी औषधाचा ट्रे हातात धरून पायरीवर उभा होतो.

आपला अंदाज खरा ठरला याचा आनंद त्यांच्या तोंडावर शोधूनही सापडला नसता. तिसऱ्या दिवशी परत आल्या त्या सरळ माझ्या खिडकीशी. "वाचली," एवढंच बोलल्या आणि पाणी मागितलं.

मग डॉक्टरांनी मॅडमची वही घेतली. तारखा, त्यापुढे आकडे, आणि शेवटच्या पानावर स्केचपेनने काढलेली वर-खाली जाणारी रेघ. त्यांनी पानं पहिल्यापासून पुन्हा उलटली. नंतर नागपूरला आपल्या शिक्षकांना फोन लावला. फोनवर ते म्हणाले, "नाही सर, मशीन नाही. हाताने मोजलंय. हो, सगळं."

नागपूरला हाडाच्या आतला मगज तपासला आणि रोगाला नाव मिळालं. दुर्मीळ रोग. हाडांमध्ये या पेशी तयार होण्याचं काम दर एकवीस दिवसांनी थंडावतं. त्या पेशी रक्तात फार तर दिवसभर जगतात, त्यामुळे पुरवठा थांबला की रक्त लगेच रिकामं होतं आणि तोंडात एरवी निमूट राहणारे जंतूच पोरीवर उलटतात. उपाय होता. हाडांना जागं ठेवणारं इंजेक्शन, एक दिवसाआड. ते माझ्या खोलीतल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायचं ठरलं. आई दोन-तीन इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात घरी न्यायची, टोचायलाही शिकली. पहिल्यांदा तिचा हात थांबला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तेंदूपत्त्याच्या जंगलात साप पाहून भेत नाई तू, आनि हे सुई पाहून भेतेस?"

तीन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, रोशनी कागदात मिरचीची भजी घेऊन प्रयोगशाळेत आली. आमच्यासमोर तिने एक आख्खं भजं खाल्लं. नाकाडोळ्यातून पाणी येत होतं आणि ती हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिखट खात होती. मॅडमनी तिला तोंड उघडायला लावलं, जीभ, हिरड्या, गाल सगळं टॉर्चने पाहिलं. मग एक भजं स्वतः घेतलं आणि एक मला दिलं.

हे सगळं मी आता सहज सांगतो आहे, पण पुढचं सांगताना जरा अडखळायला होतं.

दोन-एक वर्षांनी मॅडम सकाळी उशिरा यायला लागल्या. कुलूप उघडायला मला बोलवायच्या. किल्ली बोटांत धरवत नव्हती. सांधे सुजलेले, सकाळी दोन-दोन तास हात आखडलेले. त्या म्हणाल्या, चिकनगुन्याचं उरलं असेल. चिकनगुन्या नव्हता. संधिवाताचा तो प्रकार निघाला ज्यात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी स्वतःच्याच सांध्यांना परकं समजतात.

अहवाल आला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. काच मी पसरली, कारण त्यांच्या हाताने ती सरळ पसरत नव्हती. रंगवली, धुतली. त्या बराच वेळ दुर्बिणीत डोळा लावून होत्या.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काहीच नाई. चांगल्या हायेत सगळ्या." त्या बाजूला सरकल्या. "पाहा तुम्ही. यायच्यात वाईट एकही नाई भाऊ. आपलं काम करून राह्यल्या बिचाऱ्या. फक्त त्याह्यले वाटून राह्यलं का मीच परकी हावो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला वाटतं, त्या क्षणीही त्यांना कुतूहलच अधिक होतं. लगेच जाडं पुस्तक काढलं. छातीच्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी असते. लहानपणी तिथे नव्या पेशींची परीक्षा होते, आपल्याच शरीराला झोंबणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात. काही मात्र सुटून जातात. मॅडमनी ते पान मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "एवढी कडक परीक्षा घेऊनही काही निसटतातच. काऊन निसटत असतीन?"

औषध सुरू झालं. दुखणं कमी झालं, पण ते औषध शरीराचा प्रतिकारच ढिला करणारं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, क्षयाच्या थुंकीचे नमुने, तापाचे रुग्ण, यांत बसून चालणार नाही. मॅडमनी वर्षभर ऐकलं नाही. मास्क लावून, हातमोजे घालून बसायच्या. पेशी मोजायच्या छोट्या काउंटरचं बटण बोटाने दाबता येईना तेव्हा त्यावर पेन्सिलीचं खोडरबर टेकवून मनगटाने दाबायच्या. त्या वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी बऱ्या होऊन आल्या आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला. सही तेवढी स्वतः केली. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "नव्या टेक्निशियनले सांगा, रंगाची बाटली उन्हात ठेवू नका." आणि बसल्या.

आता प्रयोगशाळेत पेशी मोजणारं यंत्र आहे. मिनिटाभरात कागद बाहेर येतो. नवा टेक्निशियन हुशार आहे, कामसू आहे. रुग्ण बाकावर बसतात, कागद घेतात, जातात. दुर्बिणीवर झाकण असतं. रोशनी आता देवरीला वसतिगृहात राहून शिकते, इंजेक्शन स्वतः टोचते.

गेल्या हिवाळ्यात मी सौंदडला गाडीतून उतरलो आणि मॅडमच्या गावी गेलो. शेतांत कापलेल्या धानाची पुंजणी रचून उभी होती. त्या अंगणात मास्क लावून बसल्या होत्या. मलाही एक मास्क दिला. शेजारी खाटेवर त्यांची आई, ऐंशीच्या पुढची. भाऊ शेतावर गेलेला. आईला आता कोणी ओळखू येत नव्हतं.

मॅडम ताटलीत कालवलेला भात घेऊन आल्या. चमचा धरताना त्यांची वाकडी झालेली बोटं एकमेकांवर चढत होती.

"कोन व्हय व बाई तू?" म्हातारीने विचारलं. "रोज येतेस."

"शेजारची हावो माय. घे, तोंड उघड."

म्हातारीने घास घेतला. मग मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हे लहान असताना हिले गोवर निघाला होता, माझी आजी सांगे. आज तोच गोवर पुन्हा अंगात शिरला ना, तं हिच्या आतल्या पेशी त्याले पाहिल्याबरोबर ओरखतीन. सत्तर-पंच्याहत्तर वर्सं झाली. हे मले ओरखत नाई, माझ्या भावाले ओरखत नाई. गोवराले ओरखते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते आणि ते एखादी नवी काच हातात आल्यासारखे झाले होते.

"पुस्तकात लिवलं हाये का त्या आठवन ठेवनाऱ्या पेशी वर्सानुवर्सं राहतात. काही मरतात, मरायच्या आधी आपल्यासारख्याच दुसऱ्या करून जातात. पन मले सांगा, एवढी वर्सं त्यायले आठवन करून देनारा कोन? एवढं सगळं गेलं हिचं, अन् तेच काऊन राह्यलं?"

घास संपला होता. म्हातारीचं लक्ष चमच्यावरून मॅडमच्या हातावर गेलं. तिने तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि सुजलेल्या सांध्यांवरून अंगठा फिरवत विचारलं, "दुखते का व, बाई?"

"दुखते," मॅडम म्हणाल्या.

म्हातारी वाकली आणि त्या बोटांवर हळूहळू फुंकर घालू लागली.